उतरवता न येणारं शीड

शिडाच्या होडीत वारा वाढला की तांडेल आधी शीड उतरवायला सांगतो. क्रूझ जहाजाच्या कप्तानाला ती सोय नाही. जहाजाची पंधरा-वीस मजली बाजू हेच त्याचं शीड, आणि ते कायमचं चढवलेलं. ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे क्रूझ जहाज ३६५ मीटर लांब आहे, पण पाण्याखाली जेमतेम नऊ-साडेनऊ मीटर. बाकी सगळा डोलारा वाऱ्याच्या तोंडी. तेलाचं जहाज भरलं की पाण्यात दबून बसतं. इथे माल म्हणजे माणसं, खोल्या आणि सज्जे. त्यांच्या वजनानं जहाज दबत नाही.

ढोबळ हिशेब करून बघा. ३०० मीटर लांब, ५० मीटर उंच अशी बाजू धरली आणि १५ नॉटचा वारा आडवा आला, तर रेटा साधारण ५५ टनांचा. वारा ३० नॉट झाला की तोच रेटा चौपट होतो, दोनशे टनांच्या वर जातो. म्हणून बंदरात ‘वारा थोडा वाढलाय’ हे वाक्य कुणी हलक्यात घेत नाही.

खरी अडचण वेग कमी केल्यावर सुरू होते. जहाज हळू झालं की सुकाणूची पकड सुटत जाते. वारा मात्र तेवढाच राहतो. मग नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वाऱ्याकडे वळवून जहाज खेकड्यासारखं तिरकं चालवावं लागतं. ३०० मीटरचं जहाज दहाच अंश तिरकं झालं, तर चाळीस मीटर रुंदीऐवजी नव्वद मीटर पाणी व्यापतं. अरुंद वाटेत तेवढी जागा आणायची कुठून? हळू जावं तर वारा वाहवत नेतो, जोरात जावं तर धक्क्यापाशी थांबता येत नाही. या दोन्हींच्या मधला वेग ओळखणं, माझ्या मते, या विद्येचा गाभा आहे.

यंत्रांनी मोठा आधार दिला, हे खरंच. नाळेच्या पोटातून आरपार बोगदा काढून त्यात पंखा बसवतात. तो जहाजाचं तोंड बाजूला ढकलतो. १९९८ च्या ‘कार्निव्हल इलेशन’पासून क्रूझ जहाजांवर अ‍ॅझिपॉड आले. जहाजाखाली टांगलेलं, विजेच्या मोटरचं, पूर्ण गोल फिरणारं हे प्रॉपेलर वेगळ्या सुकाणूची गरजच ठेवत नाही. ‘ओअ‍ॅसिस ऑफ द सीज’वर असे २० मेगावॉटचे तीन पॉड आहेत आणि पुढे साडेपाच मेगावॉटचे चार पंखे. तरीही जहाज चार-पाच नॉटच्या पुढे असलं की नाळेतल्या पंख्यांचा जोर ओसरतो.

शेवटची काही मिनिटं कप्तान ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवायच्या कक्षाच्या, टोकाला, जहाजाच्या कडेबाहेर डोकावणाऱ्या भागात उभा असतो. कित्येक जहाजांवर तिथे पायाखालीही काच असते. खाली थेट धक्का दिसतो. दोन्ही हात पॉडच्या दांड्यांवर, शेजारी वाट दाखवणारा बंदराचा पायलट. मागून वॉकीटॉकीवर अंतर येत राहतं: तीस मीटर, वीस, दहा. कप्तानाची नजर मात्र मधूनच दूर पाण्यावर जाते. वाऱ्याचा झोत येण्याआधी तिथे पाणी काळवंडतं, लहान सुरकुत्यांचा पट्टा सरकत येतो. तो दिसला की वारा पोचायच्या आत पंख्याला जोर द्यायचा. वारा धक्क्याकडे ढकलत असेल तर जहाज थोडं लांबच समांतर थांबवायचं आणि पंख्यांनी मागे आवरत अलगद टेकू द्यायचं. धक्क्यावरून बाहेर ढकलत असेल, तर पहिले दोर खुंटाला पडेपर्यंत जोर सोडता येत नाही.

दोर बांधले म्हणजे सुटलो, असंही नाही. २७ ऑगस्ट २०२३ ला स्पेनच्या पाल्मा बंदरात वादळ आलं आणि ‘ब्रिटानिया’ हे ३३० मीटरचं, बांधून ठेवलेलं जहाज दोर तुटून सुटलं. ते एका तेलवाहू जहाजावर जाऊन आदळलं. काही जणांना किरकोळ दुखापती झाल्या. एक दोर तुटला की त्याचा भार उरलेल्यांवर येतो, मग तेही एकामागून एक जातात. तुटलेला दोर चाबकासारखा उलट येतो; वाटेत माणूस असेल तर जीवही जातो. म्हणून ताणलेल्या दोराच्या रेषेत खलाशी कधी उभा राहत नाही.

‘आज बंदर रद्द’ ही घोषणा झाली की प्रवासी हिरमुसतात. तिच्याआधी ब्रिजवर काय घडलेलं असतं, ते त्यांना दिसत नाही. बंदराचं तोंड समोर असतं, मागे फिरायला पुरेसं पाणी अजून हाताशी असतं, आणि वाऱ्याचा काटा ठरलेल्या आकड्याखाली यायला तयार नसतो. कप्तान आणि पायलट एकमेकांकडे बघतात. नाळ समुद्राकडे वळते. धक्क्यावर दोर घ्यायला पहाटेपासून उभी असलेली माणसं हातमोजे काढून घरी निघतात.