दूरचित्रवाणीच्या घरातील उमेदवारी

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर बातम्या सांगणारा मनुष्य एकटाच दिसतो. पुढ्यात चार कागद, पाठीमागे नगराचे चित्र, आणि साऱ्या जगाच्या वार्ता आपणच हिंडून गोळा केल्या आहेत असा चेहऱ्यावर भाव. वस्तुतः त्या एका मुखामागे कितीतरी हात राबत असतात, आणि त्या हातांच्या उतरंडीत अगदी तळाशी एखादा वीस-एकवीस वर्षांचा कॉलेजचा विद्यार्थी असतो. अमेरिकेत त्यास इंटर्न म्हणतात. आपल्या भाषेत यास जुना आणि नेमका शब्द आहे, तो म्हणजे उमेदवार. निवडणुकीस उभा राहणारा उमेदवार तो हा नव्हे. सुताराच्या हाताखाली रंधा मारावयास किंवा छापखान्यात खिळे जुळवावयास जो शिके, तो उमेदवारी करतो असे आपले वाडवडील म्हणत.

आता आपल्या खेड्यापाड्यांतील मुलेमुलीही वृत्तपत्रविद्या व दूरचित्रवाणी हे विषय घेऊन कॉलेजात शिकू लागली आहेत, आणि त्यांतील काही उच्च शिक्षणासाठी समुद्रापारही जातात. मुलाला टीव्हीच्या कंपनीत सुट्टीभर काम मिळाले, पण पगार नाही म्हणतात, हे कसे, असा प्रश्न अशा घरांतून निघतो. प्रश्न रास्त आहे. ज्या अमेरिकेत ही प्रथा फार फोफावली, तेथे तिचे काय झाले हे कळल्यास उत्तर शोधणे सोपे जाईल, म्हणून हा लेखनप्रपंच.

न्यूयॉर्क नगराच्या मध्यभागी रॉकफेलर सेंटर नावाचा उत्तुंग इमारतींचा समूह आहे. १९३३ साली एनबीसी ही नभोवाणी संस्था तेथे राहावयास आली, आणि त्याच वर्षी तिने 'पेज' या नावाने तरुणांची एक तुकडी नेमली. गणवेश घालून पाहुण्यांस वाट दाखवावी, प्रेक्षकांस आसनांवर बसवावे, निरोप पोहोचवावेत, हे त्यांचे काम. दूरचित्रवाणी तेव्हा प्रयोगशाळेतच होती. एनबीसीचे नियमित चित्रप्रक्षेपण १९३९ मध्ये सुरू झाले. पेजांची ती तुकडी मात्र नभोवाणीतून दूरचित्रवाणीत आली व तेथेच रुजली. नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाचे पदवीधर रेजिस फिल्बिन १९५० च्या दशकात असेच पेज होते. पुढे त्यांचा चेहरा अमेरिकेच्या घराघरांत ओळखीचा झाला. मायकेल आयझ्नर हेही तरुणपणी एनबीसीत पेज होते. कालांतराने ते डिस्ने कंपनीचे प्रमुख झाले, आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १९९६ मध्ये, डिस्नेने एबीसी ही एनबीसीची प्रतिस्पर्धी संस्थाच ताब्यात घेतली! पेजला वेतन मिळते, हे येथेच सांगून ठेवतो. इंटर्नची गोष्ट निराळी.

इंटर्न हा अद्याप विद्यार्थीच असतो. बहुधा उन्हाळ्याच्या सुट्टीत, सुमारे दहा आठवडे, तो संस्थेत येतो आणि कॉलेज उघडले की परत जातो. एनबीसीचा 'टुडे' हा प्रभातीचा कार्यक्रम १९५२ पासून सकाळी ७ वाजता थेट दाखविला जातो. अशा कार्यक्रमासाठी राबणाऱ्यांची सकाळ पहाटेपूर्वीच सुरू होते, आणि इंटर्नही त्याला अपवाद नसतो. शहर निजलेले असते, रस्त्यावर दूधवाल्याखेरीज कोणी नाही, अशा वेळी हा विद्यार्थी गळ्यात ओळखपत्र अडकवून आत शिरतो. त्या दिवशीचे पाहुणे एकामागून एक येऊ लागतात. कोणी मंत्री असतो, कोणी नट, कोणी पाककृती दाखविणारी सुगरण. त्यांना दारातून आणावयाचे, 'ग्रीन रूम' नावाच्या विश्रांतिकक्षात बसवावयाचे (ती खोली हिरवी असतेच असे नाही), रंगभूषेस न्यावयाचे, आणि नेमक्या मिनिटाला मंचाशी उभे करावयाचे. पाहुणा दोन मिनिटे हरवला, तर लक्षावधी लोकांच्या डोळ्यांदेखत कार्यक्रमात दोन मिनिटांचे भगदाड पडते. म्हणून अतिमहत्त्वाच्या माणसांना हाताला धरून नेण्याचे काम कित्येकदा सर्वांत कमी महत्त्वाच्या माणसाकडे असते.

बातम्यांच्या विभागात गेलेल्याचे दिवस निराळे. तेथे दूरध्वनी सदैव खणखणत असतात, ते उचलावयाचे. पोलिसांस व अग्निशामक दलास विचारणा करावयाची. पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या नावांची अक्षरे तपासावयाची. नावातील एक अक्षर चुकले, की त्या मनुष्याच्या गावात बातमी विसरली जाते आणि चूक तेवढी स्मरणात राहते. संगणक येण्यापूर्वी बातम्यांची संहिता अनेक प्रतींत टंकलिखित होई. एक निवेदकाची, एक दिग्दर्शकाची, एक निवेदकासमोर ओळी सरकविणाऱ्या यंत्राची, अशा त्या प्रती वेगळ्या करून ज्याच्या त्याच्या हाती पळत पळत द्यावयाच्या, हे काम ठरलेले. १९८७ च्या 'ब्रॉडकास्ट न्यूज' या चित्रपटात एक तरुणी चित्रफीत हाती घेऊन कार्यालयातून जिवाच्या आकांताने धावते. पाहताना हसू येते. परंतु त्या धंद्यातील लोक म्हणतील की त्यात अतिशयोक्ती फार नाही.

आणि कॉफी? होय, कॉफीही आणावी लागते. आमच्या दृष्टीने त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. सुताराच्या उमेदवारानेही भुसा झाडलेला आहे. प्रश्न इतकाच, की भुसा झाडून झाल्यावर त्याच्या हाती रंधा येतो की नाही.

दूरचित्रवाणीच्या घरात हा रंधा कोणता, ते सांगतो. एखाद्या शेतकऱ्याची, कामगाराची वा अधिकाऱ्याची तासभर मुलाखत होते. तिचे चित्रण इंटर्नच्या हाती देण्यात येते. त्याने ते पाहून प्रत्येक वाक्य कोणत्या क्षणी उच्चारले गेले त्याची नोंद करावयाची. चित्रणावर तास, मिनिटे, सेकंद आणि सेकंदाचाही अंश दाखविणारे आकडे असतात. अमेरिकन पद्धतीत एका सेकंदात सुमारे तीस चित्रे धरतात, तेव्हा मोजमाप किती बारीक असेल याची कल्पना यावी. मनुष्य अडखळला कोठे, हसला कोठे, डोळे पुसले कोठे, हेही लिहावयाचे. थांबवा, मागे न्या, पुन्हा ऐका, असे करता करता तासाभराच्या चित्रणात अर्धा दिवस सहज जातो. मग निर्माता ती नोंदवही चाळतो, दोन ओळींवर खूण करतो, आणि सायंकाळच्या बातमीत त्या तासातील दहाबारा सेकंद दिसतात.

उरलेली एकोणसाठ मिनिटे ज्याने ऐकली, असा संस्थेत कित्येकदा तो विद्यार्थीच एकटा असतो. त्या मनुष्याने 'परंतु' म्हणून पुढे काय सांगितले होते आणि ते 'परंतु' कसे कापले गेले, हे त्यास ठाऊक असते. कधी ते कापणे न्याय्य असते, कधी नसते. वर्तमानपत्र वाचणाऱ्या व पडदा पाहणाऱ्या कोणाही मनुष्यास हे एकदा तरी पाहावयास मिळावे असे आम्हांस वाटते. या उमेदवारीतील सर्वांत मोलाचे शिक्षण येथे आहे, आणि ते कोणत्याही पाठ्यपुस्तकातून मिळणारे नाही.

या दारातून आत गेलेले काही पुढे नावारूपास आले. ज्यांचे आईबाप मूळचे भारतीय त्या मिंडी केलिंग कॉलेजात असताना एनबीसीच्या 'लेट नाइट विथ कोनन ओब्रायन' या रात्रीच्या कार्यक्रमात इंटर्न होत्या. जॉन क्रासिन्स्की यांनीही तेथेच इंटर्नशिप केली. पुढे २००५ पासून त्याच एनबीसीवर चाललेल्या 'द ऑफिस' या मालिकेत दोघेही झळकले. मात्र अशी दोन नावे ऐकून आईबापांनी हुरळून जाऊ नये. जे इंटर्न दहा आठवडे राबून घरी परतले आणि पुढे दुसऱ्याच धंद्यास लागले, त्यांची यादी कोणी छापत नाही.

आता पैशाची गोष्ट. पुष्कळ वर्षे अमेरिकेतील मोठमोठ्या वाहिन्यांत इंटर्नला वेतन नसे. त्याऐवजी त्याच्या कॉलेजाने या कामास परीक्षेचे गुण, म्हणजे तिकडचे 'क्रेडिट', द्यावेत अशी अट असे. वरवर पाहता ही सोय बरी वाटते. पण तेथे कॉलेजात प्रत्येक क्रेडिटला शुल्क पडते. अर्थात विद्यार्थी उन्हाळाभर फुकट राबे, आणि फुकट राबण्याबद्दल कॉलेजाला पैसेही भरी! शिवाय न्यूयॉर्कसारख्या नगरीत खोलीचे भाडे, जेवण, आगगाडीचा पास. हा खर्च उचलू शकेल असा बाप ज्याला आहे त्यालाच ते दार उघडे. शेतमजुराच्या किंवा गिरणी कामगाराच्या मुलाला सुट्टीत चार पैसे मिळवावे लागतात. तो हॉटेलात बशा विसळी, आणि दुसरा कोणी दूरचित्रवाणीच्या घरात ओळखी जोडी. पदवीनंतर नोकरीच्या वेळी त्या ओळखीच कामास येत. आमच्या मते या प्रथेतील खरा अन्याय हाच होता. पडद्यावर कोणाचे जग दिसावे, हे पुढे हीच मुले ठरविणार असतात.

वेतनाचा हिशेबही करून पाहू. अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने ठरविलेली किमान मजुरी २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. दहा आठवडे, आठवड्यास चाळीस तास धरले, तर एका विद्यार्थ्याचे २,९०० डॉलर होतात. एका सुट्टीत असे शंभर विद्यार्थी घेणाऱ्या संस्थेची बचत वाचकांनीच मोजावी.

कायदा याविषयी अगदीच मुका नव्हता. किमान मजुरीचा कायदा १९३८ चा. १९४७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे रेल्वेच्या यार्डात ब्रेकमनचे काम शिकणाऱ्या उमेदवारांचा खटला आला. शिकवणी सातआठ दिवसांची, तीही रेल्वेच्या कामात अडथळाच आणणारी. तेव्हा हे नोकर नव्हेत, असा निर्णय झाला. त्या निर्णयाच्या आधारावर २०१० मध्ये सरकारच्या श्रमखात्याने खासगी संस्थांसाठी सहा कसोट्या छापून प्रसिद्ध केल्या. त्यांतील एक मोठी मार्मिक होती. बिनपगारी इंटर्नच्या कामातून मालकास तात्काळ लाभ होता कामा नये, उलट कधी कधी त्याचा खोळंबाच व्हावा, असे तीत म्हटले होते. या कसोटीला लावल्यास अर्धा दिवस बसून नोंदवही भरणारा विद्यार्थी कोठे बसतो?

हाच प्रश्न न्यायालयांत गेला. 'ब्लॅक स्वान' या चित्रपटाच्या निर्मितीत राबलेल्या इंटर्ननी २०११ मध्ये दावा लावला. २०१२ मध्ये, पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर तेव्हा दिसणाऱ्या 'चार्ली रोझ' या मुलाखतींच्या कार्यक्रमाच्या निर्मात्यांनी आपल्या माजी इंटर्नांशी तडजोड केली. वाट्यास प्रत्येकी सुमारे १,१०० डॉलर आले. एनबीसीयुनिव्हर्सलने २०१४ मध्ये ६४ लाख डॉलर देऊन असाच दावा मिटविला. 'ब्लॅक स्वान'च्या प्रकरणात २०१३ मध्ये विद्यार्थी जिंकले, परंतु २०१५ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि या व्यवहारात मुख्य लाभ कोणाचा, विद्यार्थ्याचा की मालकाचा, हे पाहावे असे सांगितले. २०१८ पासून श्रमखात्यानेही हीच कसोटी स्वीकारली. दावे सर्व जिंकले गेले नाहीत. तरी मोठ्या वाहिन्या सावध झाल्या आणि आता त्या आपल्या इंटर्नला बहुधा तासाच्या हिशेबाने वेतन देतात.

मुलींच्या पालकांनी आणखी एक प्रकरण जाणून घ्यावे. न्यूयॉर्कमधील एका परदेशी दूरचित्रवाणी संस्थेच्या शाखेत बिनपगारी काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने वरिष्ठाच्या लज्जास्पद वर्तनाची तक्रार न्यायालयात नेली. २०१३ मध्ये न्यायाधीशांनी सांगितले, की तिला वेतन नव्हते म्हणून ती कर्मचारी नव्हे, आणि कर्मचारी नव्हे म्हणून नगराच्या कायद्याचे त्या बाबतीतले संरक्षण तिला नाही. वेतन नसणे म्हणजे केवळ पैसा नसणे नव्हे, हे त्या दिवशी पुष्कळांना उमगले. या निकालाने खळबळ उडाली, आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्क नगराने कायदा सुधारून बिनपगारी इंटर्नलाही ते संरक्षण दिले.

गरीब घरच्या मुलांसाठीही काही प्रयत्न झाले आहेत. १९८९ मध्ये स्थापन झालेली एमा बोवेन फाउंडेशन ही संस्था अमेरिकेतील अल्पसंख्य वंशांच्या विद्यार्थ्यांना प्रसारण कंपन्यांत वेतनासह उमेदवारी मिळवून देते.

तेव्हा मुलाच्या वा मुलीच्या हाती असे निमंत्रणपत्र आले, तर वाहिनीच्या नावाने दिपून न जाता ते नीट वाचून घ्यावे. तास किती, वेतन किती, कोणाच्या हाताखाली काम आणि तो शिकविणार काय, रात्री परतण्याची सोय काय, तक्रार झाल्यास ती कोणाकडे न्यावयाची, हे लेखी विचारण्यात उद्धटपणा नाही. अमेरिकेत शिकावयास गेलेल्या आपल्या मुलांना आणखी एक अट आहे. विद्यार्थी म्हणून तेथे राहणाऱ्या परदेशी मुलाला अशी उमेदवारी करावयाची असल्यास ती त्याच्या अभ्यासक्रमाचा भाग असावी लागते, आणि कॉलेजातील नेमलेल्या अधिकाऱ्याची मान्यता काम सुरू होण्यापूर्वी घ्यावी लागते. साधारणपणे पहिले पूर्ण वर्ष झाल्याखेरीज ती मिळत नाही. पगार नाही म्हणजे मान्यतेचीही गरज नाही, असे मुलाने परस्पर ठरवू नये. परदेशी विद्यार्थ्यांची कामे पाहणारे कार्यालय बहुतेक मोठ्या कॉलेजांत असते, आणि तेथे विचारावयास पैसे पडत नाहीत.