मायची एमआरआय आणि निकेलचे कोडे

गेल्या मे महिन्यात मायला कमरेच्या एमआरआयसाठी धुळ्याहून जळगावला नेले. पारोळा, एरंडोल करीत पोहोचलो तेव्हा पारा ४४ च्या पुढे. महिनाभर तिचा डावा पाय बधिर होता. मणक्याचे ऑपरेशन करायचे की नाही, हे त्या चित्रावर ठरणार होते.

बाहेर येताच तिने विचारले, "इतलं काय वाजी ऱ्हायनं व्हतं रे भाऊ?"

तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवलेले. उत्तर देणे भाग होते. ती ठोकाठोक चुंबकीय क्षेत्र झटपट बदलणाऱ्या वेटोळ्यांची. मुख्य चुंबक मात्र मुकाट असतो. त्याची नायोबियम-टायटॅनियमची तार द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंशांवर बुडालेली असते. तिथे ती अतिवाहक होते. एकदा सोडलेली वीज फिरतच राहते. बाहेर जळगावचा उन्हाळा आणि भिंतीपलीकडे ही थंडी!

अंगातल्या पाण्यातील हायड्रोजनचे अणुकेंद्र म्हणजे इवलासा चुंबकी भोवरा. रेडिओलहरीने त्याला कलंडवायचे आणि सावरायला किती वेळ घेतो ते पाहायचे. चरबीत हा वेळ कमी, पाण्यात जास्त. त्या फरकातून चित्र उमटते.

हाच वेळ अतिवाहक पदार्थांतही मोजतात. १९९४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आर. नागराजन, चंदन मजुमदार, एल. सी. गुप्ता, आर. विजयराघवन आदींनी यिट्रियम, निकेल, बोरॉन, कार्बन यांच्या पदार्थात सुमारे १२ केल्विनला, म्हणजे उणे २६१ अंशांना, अतिवाहकता आढळल्याचे जाहीर केले. आणि निकेल तर लोखंडाच्या पंगतीतला! चुंबकत्व आणि अतिवाहकता यांचे विळ्या-भोपळ्याचे सख्य, असे आम्ही वाचलेले.

मग तिथला निकेल गप्प आहे की आतून चुळबुळतो? शेजारच्या बोरॉनला विचारायचे. निकेलपाशी इलेक्ट्रॉनांचे चुंबकत्व थरथरत असेल, तर बोरॉनचा कलंडलेला भोवरा त्या धक्क्यांनी लवकर सावरतो. अतिवाहकता आली की इलेक्ट्रॉन जोडीजोडीने बांधले जातात, आणि पारा आणखी उतरला की सावरणे फार लांबते. बोरॉनच्या मापनांत चुळबुळीच्या खुणा संशोधकांना दिसल्या, तरी पदार्थ अतिवाहकच! यिट्रियमऐवजी होल्मियम, अर्बियम घातलेल्या भावंडांत तर दोन्ही गुण एका घरात नांदताना आढळले. वर्गात मी उलट सांगत असे, हे कबूल.

मायला यातले भोवऱ्यापुरते पटले. संध्याकाळी रिपोर्ट आला: गादी सरकली आहे, नस दबली आहे, पण ऑपरेशनची घाई नको. परतताना एरंडोलला तिने जीप थांबवून चहा मागितला, आणि पदराआड डाव्या पायाचा अंगठा हलवून पाहिला.