ढेकर येतच नाही? मग दुखणं पोटाचं नसून घशाचं असू शकतं

गाईनं ओला, कोवळा लसूणघास जास्त खाल्ला की तिचं पोट ढोलासारखं फुगतं. आतला गॅस ढेकरावाटे बाहेर पडत नाही, हे आपल्याला माहीत असतं. आपण लगेच जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावतो. पण घरातलं कुणी म्हणालं, "मला आजवर कधी ढेकरच आला नाही," तर आपण हसण्यावारी नेतो. असा त्रास खरंच असतो आणि त्यावर इलाजही आहे.

नेमकं होतं काय?

जेवताना, पाणी पिताना थोडी हवा पोटात जातेच. ती ढेकर होऊन वर येते. अन्ननलिकेच्या वरच्या टोकाला, घशाच्या खाली, एक गोल स्नायू असतो. घास गिळताना तो सैल होतो आणि ढेकराच्या वेळीही सैल व्हावा लागतो. काही जणांचा हा स्नायू घास आत सोडतो, पण हवा बाहेर सोडत नाही. मोटारीच्या फूटव्हॉल्व्हसारखं समजा, वाट एकाच बाजूची.

लक्षणं कोणती?

- लहानपणापासून ढेकर न येणं
- गळ्यातून, छातीतून बेडकासारखा गुडगुड आवाज येणं
- जेवल्यावर पोट फुगणं, छातीत दाब येणं
- खालून वायू जास्त जाणं
- काहींना उलटीही सहज होत नाही

अशी माणसं वर्षानुवर्षं मेडिकलमधून ॲसिडिटीच्या गोळ्या आणून खातात. पण गोळीनं स्नायू सैल होत नाही. ढेकर यावा म्हणून सोडा पितात, त्यानं तर पोटात गॅस आणखी वाढतो. लाजेपायी पंगतीला जाणं टाळणारेही असतात.

इलाज काय?

अमेरिकेत शिकागोजवळ काम करणारे घशाचे डॉक्टर रॉबर्ट बॅस्टियन यांनी २०१९ मध्ये अशा ५१ रुग्णांवरच्या उपचारांची माहिती प्रसिद्ध केली. तेव्हापासून हा आजार जास्त डॉक्टरांच्या नजरेत आला. याचं नाव रेट्रोग्रेड क्रिकोफॅरिंजिअल डिसफंक्शन, थोडक्यात आर-सीपीडी. त्या स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन देतात. स्नायू सैल पडतो आणि ढेकर येऊ लागतो. औषधाचा असर साधारण तीन महिन्यांत ओसरतो, पण तोवर शरीराला सवय लागते आणि बऱ्याच जणांचा ढेकर पुढेही चालू राहतो. काहींना इंजेक्शन पुन्हा घ्यावं लागतं. सुरुवातीचे काही आठवडे घास सावकाश उतरतो, जळजळ होऊ शकते.

जायचं कुठं?

कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे. "गॅस होतो" एवढंच सांगू नका, "ढेकर कधीच येत नाही" हे स्पष्ट सांगा. आजाराचं नाव चिठ्ठीवर लिहून न्या. इंजेक्शनची सोय कुठं आहे आणि खर्च किती, हे आधी विचारून घ्या. तोवर सोडा, कोल्ड्रिंक बंद करा आणि सावकाश जेवा.

हे मात्र विसरू नका

छातीत अचानक दाब, घाम, दम लागणं, हात किंवा जबडा दुखणं, यातलं काही झालं तर "गॅस असेल" म्हणून ढेकराची वाट बघत बसू नका. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. लगेच १०८ ला फोन करा. घास अडकणं, वजन घटणं, काळी शौच होणं ही लक्षणंही डॉक्टरांना लगेच दाखवा.

जनावराच्या पोटफुगीला आपण रात्री-अपरात्री धावतो. घरच्या माणसाची तक्रारही एकदा नीट ऐकून घ्या.