कलप लावण्याआधी चोवीस तास

लग्नसराई जवळ आली की आमच्या नेऱ्यात किराणा दुकानातून दोन गोष्टी भराभर संपतात. एक आहेराची पाकिटं आणि दुसरी काळ्या मेंदीच्या पुड्या. पाकिटं सगळ्यांसमोर मागितली जातात. पुडी मात्र साखर-चहापत्ती घेऊन झाल्यावर, दुकानात दुसरं कोणी नाही हे बघून, हळूच. पोरीला पाठवलं तर तिलाही बजावलेलं असतं, "मोठ्यानं सांगू नको गं!"

ह्या लपवालपवीचा त्रास किती होतो ते मी मागच्या वर्षी जवळून बघितलं. आमच्या बचत गटातल्या एक वहिनी पुतणीच्या हळदीच्या आधी डोक्याला काळी मेंदी लावून बसल्या. सात-आठ वर्षं लावत होत्या, कधी काही झालं नव्हतं. त्या रात्री डोकं खाजलं. दुसऱ्या दिवशी कपाळ आणि कानाच्या पाळ्या सुजल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडेनात. घरात कोणी म्हणालं गांधीलमाशी चावली, कोणी म्हणालं नागीण, सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. कलपाचं नाव वहिनींनी कोणापुढे काढलं नाही. आधी हळद लावली, मग लिंबू चोळलं, मग घरात पडलेली कसलीतरी मलमाची ट्यूब.

मी गटाचा हप्ता घ्यायला गेले तर त्या पदरानं तोंड झाकून माजघरात बसलेल्या. कपाळावरून पिवळं पाणी येत होतं. गाडी काढून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी बघताक्षणी विचारलं, "डोक्याला काय लावलं?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. "मेंदी," म्हणाल्या.

"लाल की काळी?"

मैत्रिणींनो, सगळी गोष्ट ह्या एका प्रश्नात आहे. मेंदीच्या पाल्यात लॉसोन नावाचं द्रव्य असतं आणि त्याचा रंग लालसर-केशरीच येतो. राजस्थानातल्या सोजतची मेंदी नावाजलेली, तिला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, पण तीसुद्धा पांढऱ्या केसांवर लालच चढते. नुसत्या मेंदीनं अर्ध्या तासात केस कुळकुळीत काळे होत नाहीत. तसे झाले तर पुडीत दुसरं काहीतरी आहे असं समजावं. ते बहुतेक वेळा पॅरा-फिनिलिन-डायअमाईन असतं, डॉक्टर त्याला थोडक्यात पीपीडी म्हणतात. पुडीवर मेंदीच्या पानाचं चित्र असो, 'हर्बल' लिहिलेलं असो नाहीतर 'अमोनिया नाही' असं असो, आत पीपीडी असू शकतं. अमोनिया वेगळा, पीपीडी वेगळं. ह्या एका गैरसमजापायी कितीतरी जणी फसतात.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक गोष्ट समजावून सांगितली. ही ॲलर्जी पहिल्याच वेळी दिसेल असं नाही. वर्षानुवर्षं लावून काही होत नाही आणि एखाद्या दिवशी शरीर ते द्रव्य शत्रू म्हणून ओळखायला लागतं. एकदा ओळख पटली की ती सहसा जन्मभर राहते आणि पुढच्या वेळी त्रास वाढू शकतो. म्हणजे "मी इतकी वर्षं लावतेय, मला काय होणार?" ह्या बोलण्याला काही अर्थ नाही. शिवाय सूज लगेच येत नाही, एक-दोन दिवसांनी येते. त्यामुळे कलपाचा आणि सुजेचा संबंध घरच्यांच्या लक्षातच येत नाही आणि बिचारी गांधीलमाशी बदनाम होते!

हे काही आजचं नाही. १९३३ साली अमेरिकेत पापण्या-भुवया काळ्या करायचा एक रंग निघाला होता, त्यातही हेच द्रव्य. त्यानं एका बाईची दृष्टी गेली आणि ते प्रकरण फार गाजलं. १९३८ मध्ये तिथे प्रसाधनांवर सरकारी अंकुश ठेवणारा कायदा आला, त्यामागे असली प्रकरणं होती. आपल्याकडेही २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार असे रंग असलेल्या कलपाच्या वेष्टनावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत सावधगिरीची सूचना छापावी लागते. त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी घ्या, भुवया-पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं, अशी. आणि चाचणी कशी घ्यायची त्याचा कागद आत घालावा लागतो. तो कागद म्हणजे पुडी फोडल्यावर आपण सगळ्यात आधी चुलीत टाकतो तो! अक्षर बारीक असलं तर शाळेत जाणाऱ्या नातीकडून वाचून घ्या. सुट्या पिशवीत बांधून मिळणारी काळी मेंदी मात्र घेऊच नका, तिच्यावर वाचायला काहीच नसतं.

चाचणी सोपी आहे. कानामागची किंवा कोपराच्या आतल्या बाजूची जागा साबण-पाण्यानं धुवायची. डोक्याला लावतो तसाच कलप कालवून थोडासा तिथे लावायचा, वाळू द्यायचा आणि चोवीस तासांनी धुवायचा. खाज, लाली, पुरळ काही नसेल तर पुढे जायचं. युरोपात हीच चाचणी ४८ तास आधी करायला सांगतात, तेव्हा दोन दिवस थांबलात तर उत्तमच. आणि हे दर वेळी करायचं, एकदा केलं म्हणजे झालं असं नाही. जिला पूर्वी सूज आली आहे किंवा जत्रेत काढलेल्या काळ्या मेंदीच्या नक्षीनं हाताला फोड आले होते, तिनं घरी चाचणीसुद्धा करू नये. जत्रेतल्या त्या नक्षीतही पुष्कळदा हेच द्रव्य असतं, आणि आपण ती हौसेनं लेकरांच्या हातावर काढून घेतो.

एवढं करूनही त्रास झालाच तर डोकं भरपूर पाण्यानं आणि सौम्य शांपूनं धुऊन टाकायचं. लिंबू, सोडा, हळद, टूथपेस्ट काहीही चोळायचं नाही. सुजेवर गार पाण्याची घडी चालेल. डोळे, ओठ सुजले किंवा पाणी वाहायला लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर. जीभ जड झाली, दम लागला, चक्कर आली तर थांबायचंच नाही, १०८ ला फोन करायचा. आणि दवाखान्यात खरं सांगायचं. कालवलेला कलप उघडा ठेवून उठू नका, घरात लहान मूल असेल तर विशेष. तो पोटात गेला तर घसा सुजतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

(कपाळाला नुसता काळा डाग पडला असेल तर घाबरू नका, खोबरेल तेलाच्या बोळ्यानं हळूहळू जातो.)

"मग लावता कशाला?" असं पुरुषमंडळी पटकन म्हणतात. त्यांना काय! त्यांचे केस पांढरे झाले की ते अनुभवी दिसतात. आमच्या भागातल्या कितीतरी बाया रोज सकाळी हिंजवडीला कामाला जातात, कोणी कंपनीत साफसफाईला, कोणी सोसायट्यांमध्ये पोळ्या करायला. त्यातल्या दोघी-तिघींनी मला सांगितलं, "ताई, डोकं पांढरं दिसलं की आता हिच्यानं काम होणार नाही असं वाटतं लोकांना." एक विधवा आजी आहेत. त्यांनी कलप लावला तर "आता कोणासाठी नटतेस?" हे ऐकायला लागलं, तेही घरातूनच. अशा बोलण्यापायीच बाई गुपचूप लावते आणि सुजली तरी गुपचूप सोसते. मला तर त्या पुडीइतकाच ह्या बोलण्याचा राग येतो.

वहिनींची सूज उतरायला आठवडा गेला. पुतणीची हळद हुकली, लग्नात त्या मागच्या रांगेत बसल्या. आता शुद्ध मेंदी लावतात, केस लालभडक दिसतात. "बरं दिसतंय," असं त्या स्वतःच म्हणतात.

गटाच्या बैठकीत आम्ही आता एक पद्धत पाडली आहे. ज्यांना कलप लावायचाय त्यांनी आपापली पुडी घेऊन यायचं. सगळ्यांच्या देखत कालवायचं आणि कानामागे ठिपका लावायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा जमायचं आणि एकमेकींचे कान बघायचे, कारण कानामागचं स्वतःला दिसत नाही. मागच्या खेपेला एकीच्या कानामागे लाल चट्टा उठला. तिनं तिथल्या तिथे उरलेली पुडी कागदात गुंडाळली आणि विचारलं, "दुकानदार पैसे परत देईल का हो?"