हायवेवरची परमिट रूम

अकोल्याहून अमरावतीकडे निघालं की बोरगाव मंजू, कुरणखेड, मूर्तिजापूर, बडनेरा अशी गावं लागतात. हा रस्ता दुपदरी होता तेव्हा गावाची वेस ओलांडली की एक ठरावीक वास्तू दिसायची. पत्र्याचं छत, ट्रक उभे करायला मुरमाचं पटांगण, पाटीवर ठळक ‘बार अँड रेस्टॉरंट’ आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘परमिट रूम’.

या बारीक अक्षरांमागे १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आहे. नाव बंदीचं, कारभार परवान्यांचा. पिणाऱ्याकडे परवाना हवा आणि परवानेधारकाला बसायला खोली हवी. ती चालवायचा परवाना म्हणजे ‘एफएल-३’. वऱ्हाड १९५६ साली मुंबई राज्यात गेला आणि पुढे हा कायदा इथेही आला. आत टेबलावर क्वार्टर, सोडा, फल्लीदाणे, चिरलेला कांदा. कोपऱ्यात पडदे लावलेली ‘फॅमिली रूम’. तिथे फॅमिली क्वचितच बसलेली असे.

गिऱ्हाईक रस्ताच आणून देई. सुरत-कोलकाता हा जुना सहा नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, या पट्ट्यात आता त्रेपन्न नंबरचा. त्यावरचे ट्रकवाले येत, तसे कापूस विकून खिशात पैसे खुळखुळत असलेले शेतकरीही. शेजारचा वर्धा जिल्हा सत्तरच्या दशकापासून कोरडा. मध्ये वर्धा नदी, आणि अलीकडच्या काठावर अमरावती जिल्हा.

गंमत म्हणजे दारूविरुद्ध सगळ्यात मोठा आवाजही याच मातीतून उठला. गाडगेबाबा शेंडगावचे. मुलीच्या बारशाला दारू-मटणाचा रिवाज मोडून त्यांनी गोडाचं जेवण घातलं होतं. तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी तर याच महामार्गावर, अमरावतीच्या पुढे नागपूरच्या वाटेवर. पुढे बायकांच्या हाती मतदान आलं: चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला बहुमत मिळालं की गावातलं दुकान बंद.

हायवेवरच्या खोलीला मात्र मतदानापेक्षा अंतर मोजायची टेप महागात पडली. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. ३१ मार्च २०१७च्या आदेशाने बार-रेस्टॉरंटही त्यात आले. वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांना अंतर २२० मीटरवर आणलं. दुसऱ्या दिवसापासून शटर खाली. मग पळवाटा निघाल्या. चंडीगडने रस्त्यांचा दर्जाच बदलला. केरळात उत्तर परवूरच्या एका बारने दारापर्यंत नागमोडी भिंती बांधून चालायचं अंतर वाढवून घेतलं. जुलै २०१७मध्ये न्यायालयाने नगरपालिका हद्दीला मोकळीक दिली, २०१८मध्ये ग्रामपंचायतींचा प्रश्न राज्यांवर सोपवला. बरीच शटरं पुन्हा उघडली.

रस्त्याच्या रुंदीकरणाला मात्र अशी पळवाट नसते. भूसंपादनाची खूण आधी पटांगणात पडते, मग ओसरीवर. मोबदला जागेच्या मालकाला. वेटर, आचारी, बाहेर अंड्याची गाडी लावणारा यांची नावं त्या यादीत कुठून असणार?

जून २०२२मध्ये अमरावती जिल्ह्यातलं लोणी आणि अकोल्यातलं माना यांच्या दरम्यान, एका पदराच्या हिशेबाने ७५ किलोमीटर रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत डांबरला गेला. ७२० कामगार राबले, गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा होता. त्या रस्त्याला आता दुभाजक आहे. पलीकडच्या बाजूच्या बारवर जायचं तर ट्रकवाल्याला पुढचा कट गाठून वळसा घालावा लागतो, आणि तेवढ्यासाठी कुणी गाडी वळवत नाही.