कुंडीतील भूमध्यसागरी सुगंध
तळवड्यातील गच्चीत रोझमेरी, थाइम, ओरेगॅनो लावल्यास पहिला पावसाळाच त्यांची परीक्षा पाहतो. भूमध्य समुद्राकाठी पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा असतो. आपल्याकडे मात्र जून ते सप्टेंबर पावसाचे. पाणी साचले की मुळे कुजतात. म्हणून कुंडीच श्रेयस्कर. ती छपराखाली, उजेडात हलविता येते.

तळाशी छिद्रे असलेली मातीची कुंडी घ्यावी, मातीत तिसरा हिस्सा जाड वाळू मिसळावी, खत बेताचे द्यावे. वरची माती सुकल्यावरच पाणी घालावे. लागवड ऑक्टोबरात करावी.

कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या स्वयंपाकाला ही पाने स्वाद देतात. थाइममधील थायमॉल आपल्या ओव्यातही असते. एका वेळी तृतीयांशाहून अधिक खुडू नये. व्याज घ्यावे, मुद्दल राखावे.