पुण्याचा डीबी स्पेक्ट्रम : काही समज, काही गैरसमज

आपल्या पुणे जिल्ह्यात एकेकाळी डीबी स्पेक्ट्रम नावाचे घरगुती संगणक तयार होत, हे आज इंदापूर-बारामतीकडे सांगितलं तर बहुतेकांना खरं वाटत नाही. ज्यांना आठवतं, त्यांच्या आठवणीतही बरीच सरमिसळ झाली आहे.

गैरसमज : डीबी स्पेक्ट्रम ही परदेशी यंत्राची चोरटी नक्कल होती.

पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटनच्या स्पेक्ट्रम प्लसचा रीतसर परवाना घेतला आणि आपल्या नावाने तो विकला. १९९०च्या आसपासपर्यंत त्याची विक्री हजारांत झाली. विनापरवाना नकला निघाल्या त्या सोव्हिएत संघात. मूळ यंत्रातली फेरांटी कंपनीची यूएलए ही खास चिप तिथे मिळत नव्हती, म्हणून तिथल्या अभियंत्यांनी तिचं काम साध्या लॉजिक चिपा जोडून भागवलं.

गैरसमज : म्हणजे शोध पुण्यातच लागला.

तसंही नाही. मूळ स्पेक्ट्रम २३ एप्रिल १९८२ रोजी केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने बाजारात आणला. त्याचं हार्डवेअर रिचर्ड अल्टवॉसर यांचं, बेसिक भाषा स्टीव्ह विकर्स यांनी बसवलेली. १९८४च्या 'प्लस'मध्ये रबरी बटणं जाऊन कडक प्लास्टिकचा कीबोर्ड आणि रीसेटचं बटण आलं; आतलं यंत्र तेच राहिलं.

गैरसमज : ४८ के मेमरी, म्हणजे नुसतं खेळणं.

हा समज मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. स्पेक्ट्रममधला झेड८० प्रोसेसर एका वेळी ६४ के मेमरीच हाताळू शकतो. त्यातली १६ के कायमस्वरूपी रॉम बेसिकसाठी होती, उरलेली ४८ के वापरणाऱ्याच्या हाती. तीतूनही पडद्यावरचं चित्र ६,९१२ बाइट घेई. एवढ्या जागेत बसवायचं म्हणून मुलं एकेक ओळ विचार करून लिहीत. घरचा टीव्ही हाच मॉनिटर, कॅसेटचा टेपरेकॉर्डर हीच साठवण. यंत्र सुरू केलं की थेट बेसिक समोर येई, म्हणजे खेळायचं असलं तरी आधी आज्ञा टाइप करावी लागे. संगणकाशी बोलायला शिकवणारी याहून सोपी वाट त्या काळी सामान्य घराला क्वचितच मिळाली असेल.

गैरसमज : शाळेतला बीबीसी संगणकही हाच.

सरकारच्या 'क्लास' योजनेतून १९८४-८५पासून निवडक शाळांत गेलेला बीबीसी मायक्रो एकॉर्न कंपनीचा. त्याचा प्रोसेसर ६५०२, म्हणून एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नसे. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने त्याला 'युनिकॉर्न' असं नवं नाव दिलं होतं.

नव्वदीत आलेले कीबोर्डवाले टीव्ही गेम तर आणखी वेगळे. ते निन्टेन्डोच्या खेळयंत्राच्या विनापरवाना नकला होत्या, त्यांची गणना स्पेक्ट्रमच्या घराण्यात करू नये.

तुमच्या घरी डीबी स्पेक्ट्रम असेल तर भंगारात देऊ नका आणि घाईने प्लगही लावू नका. त्याला ९ व्होल्टचा डीसी पुरवठा लागतो आणि पिनच्या मध्यभागी ऋण टोक असतं. भलताच अडॅप्टर लावला तर यंत्र जळू शकतं. जाणकाराकडून जुने कपॅसिटर आधी तपासून घ्या. कॅसेट असतील तर त्यांच्याकडे सर्वांत आधी लक्ष द्या. त्यांतले प्रोग्रॅम आवाजाच्या रूपात साठवलेले आहेत. तो आवाज स्वच्छ रेकॉर्ड करून ठेवलात तर टेप खराब झाल्यावरही प्रोग्रॅम परत मिळवता येतील.